बेसबॉल कार्डं विकणारे जुने लोक: तुमच्या आठवणी लिहा

रारिटनकाठ

तळघरातली खोकी आवरताना माझ्या टॉप्स कंपनीच्या १९६७ च्या बेसबॉल कार्डांच्या सेटची वही हाती लागली आणि दोन तास तिथेच पायरीवर बसून राहिलो. वहीच्या पहिल्या कप्प्यात एक पिवळं पडलेलं इंडेक्स कार्ड आहे. त्यावर दुसऱ्याच्या अक्षरात माझं आडनाव आहे, एक अक्षर चुकलेलं, आणि खाली आकड्यांच्या रांगा. बहुतेक आकड्यांवर काट मारलेली. हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याबद्दल लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं.

मी न्यू जर्सीत आलो १९८६ च्या नोव्हेंबरात. न्यू यॉर्कच्या मेट्स संघानं नुकतीच वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली होती आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एका शनिवारी लाँड्रीच्या मशीनसाठी सुटी नाणी हवी होती म्हणून शेजारच्या दुकानात शिरलो. अरुंद, लांबट दुकान. भिंतीला लागून पांढऱ्या पुठ्ठ्याची खोकी, काचेच्या कपाटात थोडी कार्डं, आणि सिगारचा वास. गल्ल्यावर सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी नाणी दिली आणि विचारलं, "क्रिकेटवाला का?" मी हो म्हटलं. मग त्यांनी एका खोक्यातून मेट्सच्या एड क्रेनपूलचं १९६७ चं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि मागची बाजू वाचायला शिकवली. त्या वर्षीच्या कार्डांची मागची बाजू हिरवी आहे, आकडेवारी उभी छापलेली. एकेका रकान्यावर बोट ठेवून ते सांगत गेले: हे सामने, हे हिट्स, ही सरासरी. क्रेनपूल १९६२ पासून १९७९ पर्यंत एकाच संघात खेळला, हेही तेव्हाच कळलं. माझी लाँड्री मशीनमध्ये तशीच ओली पडून राहिली.

निघताना त्यांनी ते कार्ड मला पाव डॉलरला दिलं आणि म्हणाले, "आता ६०८ राहिली." तो सेट ६०९ कार्डांचा आहे.

त्यानंतर जवळपास प्रत्येक शनिवारी मी तिथे. माझ्याकडे कोणते आकडे नाहीत ते त्यांनी त्या इंडेक्स कार्डावर उतरवून घेतलं होतं. तशी दोन-अडीचशे गिऱ्हाइकांची कार्डं एका लाकडी खणात होती, पण खण उघडताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. कोणाला काय हवंय ते डोक्यातच असायचं. मी दारातून आत आलो की हात खोक्याकडे जायचा आणि दोन-तीन कार्डं गल्ल्यावर यायची.

नवख्यांसाठी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. १९७३ पर्यंत टॉप्स कंपनी वर्षाची सगळी कार्डं एकदम बाजारात आणत नसे. वसंतात पहिली मालिका, मग दुसरी, असं करत शेवटची मालिका हंगाम संपत आला की यायची. तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असायचं, दुकानदारही थोडाच माल मागवायचे. म्हणून शेवटच्या आकड्यांची कार्डं कमी उरली. १९६७ च्या सेटमध्ये ५३४ पासून पुढे हा त्रास सुरू होतो, आणि मेट्सच्या टॉम सीव्हरचं पहिलं कार्ड, क्रमांक ५८१, नेमकं त्यातच आहे. ते मी त्यांच्याकडून दर शनिवारी पाच-पाच डॉलर देऊन घेतलं. कार्ड मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात दिलं होतं. चिठ्ठीचपाटी काही नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलांना विचारलेलं नाही. तुमच्याही अशा आठवणी असतील तर लिहा.

डेट्रॉइटकर

वा. वाचताना माझा १९७४ चा वसतिगृहाचा टपालखण डोळ्यांपुढे आला.

आम्हा मिडवेस्टवाल्यांकडे दुकानं फारशी नव्हती, सगळा व्यवहार टपालानं. मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिकत होतो. तिथून जवळच्याच मायलन गावातून १९७३ साली संग्राहकांचं एक पत्रक निघायला लागलं होतं, त्यातल्या बारीक टाइपातल्या जाहिराती मी भिंग लावून वाचायचो. विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंटचे लॅरी फ्रिट्श हे त्या काळचं मोठं नाव. १९७० मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ कार्डांचाच धंदा धरला, तेव्हा त्यावर पोट भरेल असं कोणाला वाटत नव्हतं. त्याआधीपासून न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवर वुडी गेलमन टपालानं जुनी कार्डं विकत. हे गृहस्थ टॉप्समध्येच कामाला. टॉप्सचा १९५२ चा तो प्रसिद्ध सेट त्यांनी आणि तिथलेच सहकारी साय बर्गर यांनी मिळून आखला, बर्गर यांच्या ब्रुकलिनच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर.

आमची पद्धत अशी: हव्या त्या आकड्यांची यादी करायची, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत नाणी चिकटपट्टीनं बसवायची आणि पाठवून द्यायचं. ओळख ना पाळख. ओहायोतल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याला मी एकदा दीड डॉलर पाठवला. त्याच्याकडे दोन कार्डं कमी निघाली, तर उरलेल्या वीस सेंटची टपालतिकिटं परत आली, आणि सोबत पेन्सिलीनं लिहिलेली ओळ: 'या मुलाचा डावा कोपरा मऊ आहे, आवडला नाही तर परत पाठव.' मऊ म्हणजे थोडा झिजलेला. पंधरा सेंटच्या कार्डाबद्दल! मी ते कार्ड आणि ती ओळ दोन्ही ठेवली आहेत.

नवखा_पुणेकर

मस्त धागा. पण एक विचारतो, ही कार्डं नक्की कशाबरोबर मिळायची? आणि 'टी-दोनशे-सहा' वगैरे जे वाचतो ते काय असतं?

ओहायोवासी

@नवखा_पुणेकर, आधी सिगारेटबरोबर, मग च्युइंगगमबरोबर. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं पाकिटांत जी कार्डं घातली ती टी-२०६. होनस वॅगनर या खेळाडूचं जगप्रसिद्ध कार्ड त्यातलंच. टी म्हणजे टोबॅको. हे नाव कंपनीनं ठेवलेलं नाही, ते जेफरसन बर्डिक यांनी दिलं.

बर्डिक हे विक्रेते नव्हते, पण सगळे जुने विक्रेते त्यांच्याच क्रमांकांनी बोलायचे. सायराक्यूजमध्ये विजेच्या सामानाच्या कारखान्यात जोडणीचं काम करणारा माणूस. संधिवातानं बोटं आखडलेली. त्यांनी अमेरिकेतल्या छापील कार्डांची पहिली शिस्तवार सूची केली, आणि १९४७ पासून आपला तीन लाखांहून अधिक कागदांचा संग्रह न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. नुसता दिला नाही, तिथे बसून स्वतःच्या हातांनी वह्यांत चिकटवला. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं पान चिकटवून झालं आणि मार्चमध्ये ते गेले. बेसबॉलची सुमारे तीस हजार कार्डं आहेत त्यात. न्यू यॉर्कला गेलात तर चित्रांची दालनं बघाच, पण याचीही चौकशी करा.

गमची गोष्ट: गमची वडी पाकिटात कार्डाला टेकलेली असायची, तिचा डाग मागच्या बाजूला उतरायचा. जुने विक्रेते तो डाग हातानं चाचपून ओळखायचे.

काडेपेटी

मी सांगलीचा. आम्ही लहानपणी काडेपेट्यांची छापं जमवायचो, रस्त्यानं चालताना नजर खालीच. एकाच्या बदल्यात दोन, दुर्मीळ असेल तर पाच. पानपट्टीवाला आमच्यासाठी रिकाम्या पेट्या डब्यात टाकून ठेवायचा आणि कोणाकडे कुठलं छाप नाही हे त्याला पाठ असायचं. रारिटनकाठ यांचं ते 'हात खोक्याकडे जायचा' वाचलं आणि तो डबा आठवला. बेसबॉल कधी पाहिलेलं नाही, तरी सगळं वाचतोय. लिहीत राहा.

मुलाची_आई

मी कधी काही जमवलं नाही, पण एका कार्डवाल्यानं माझं फार मोठं नुकसान वाचवलं, म्हणून लिहिते.

१९९० साल. माझा मुलगा नऊ वर्षांचा. शाळेतली सगळी मुलं दर महिन्याला येणारं किमतींचं मासिक घेऊन बसायची. वर जाणारा बाण, खाली जाणारा बाण, शेअर बाजारासारखं. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून न उघडलेली खोकीच्या खोकी घेऊन ठेवली होती. मीही दोन हजार डॉलर घेऊन आमच्या गावातल्या दुकानात गेले. त्या काळात आमच्यासाठी ती फार मोठी रक्कम होती.

दुकानदारानं पैसे मोजलेसुद्धा नाहीत. मला मागच्या खोलीत नेलं आणि छतापर्यंत रचलेली खोकी दाखवली. म्हणाला, "ताई, हे एवढं माझ्याकडे आहे. माझ्यासारखी दुकानं या देशात किती असतील बघा. १९५२ ची कार्डं महाग आहेत कारण आयांनी ती फेकून दिली. ही कोणी फेकतच नाहीये." त्याच्या इंग्रजीतला 'मॅडम' मी ताई केलाय, पण त्याचा सूर तोच होता. मुलाला आवडतील अशी वीस डॉलरची कार्डं घ्यायला लावली आणि बाकीचे पैसे बँकेत ठेवायला सांगितलं.

त्याला ती खोकी विकायची गरज होती हे मला नंतर कळलं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच झाली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचं दुकान बंद झालं.

पाचवा_डाव

सगळ्यांच्या आठवणी सुंदर आहेत, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. सगळे जुने विक्रेते असे नव्हते.

आमच्या शेजारच्या आजी गेल्या वर्षी वारल्या. १९८८ मध्ये त्यांच्या यजमानांच्या माघारी पोटमाळ्यावर सापडलेलं सिगारचं खोकं त्यांनी एका विक्रेत्याला चाळीस डॉलरला दिलं. मी त्यांच्यासोबत होतो आणि मला काही कळत नव्हतं. दोन महिन्यांनी एका हॉटेलातल्या कार्ड शोमध्ये त्याच माणसाच्या टेबलावर त्यातलीच कार्डं सुटी सुटी मांडलेली दिसली, एकेकाची किंमत चाळीसच्या वर. मी काही बोललो नाही, याची मला आजही खंत आहे.

दुसरा अनुभव माझाच. एका टेबलावरून १९५५ चं एक कार्ड घेतलं. कोपरे इतके टोकदार की मी हरखून गेलो. घरी आल्यावर त्याच वर्षीच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिलं, तर एका बाजूनं केसभर लहान. कडा कापून कोपरे नवे केले होते. परत द्यायला गेलो तर तो माणूस पुढच्या गावच्या शोला निघून गेला होता.

आणि ज्या वॅगनर कार्डाची एवढी ख्याती, ज्याला १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदारानं ४,५१,००० डॉलर दिले, तेही कापलेलंच होतं. ज्यानं कापलं त्यानं २०१३ मध्ये कोर्टात कबुली दिली. तेव्हा विश्वासावर चालायचं म्हणून तो काळ चांगला, असं सरसकट मला म्हणवत नाही.

रारिटनकाठ

@पाचवा_डाव, बरं झालं लिहिलंत. आजींची गोष्ट वाचून वाईट वाटलं. असे लोक होते आणि त्यांच्यामुळेच पुढे प्लास्टिकच्या डबीत सील केलेली, गुण दिलेली कार्डं आली. त्या कंपन्या १९९१ नंतर वाढल्या त्या उगाच नाही. ज्याला कोपरा बघता येत नाही त्याला संरक्षण हवंच.

पण आमच्या दुकानवाल्या आजोबांनी (मी त्यांना मनात आजोबाच म्हणतो) खरेदी कशी केली ते मी पाहिलंय, ते सांगतो. एकदा एक बाई भावाचं खोकं घेऊन आल्या. आजोबांनी सगळी कार्डं गल्ल्यावर मांडली, किमतींचं पुस्तक त्यांच्यापुढे उघडलं आणि म्हणाले, "पुस्तकातली किंमत ही. मी याच्या निम्मी देतो, कारण मला भाडं भरायचंय आणि यातली अर्धी वर्षभर पडून राहतील. आज विकू नका. घरी जा, अजून दोघांना दाखवा, आणि मग या." बाई गेल्या. दोन आठवड्यांनी परत आल्या आणि त्यांनाच विकून गेल्या. एकदा परत न आलेलं गिऱ्हाईकही पाहिलंय. आजोबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यांचे हट्टही होते. ते ब्रुकलिनचे. डॉजर्स संघ १९५७ नंतर ब्रुकलिन सोडून लॉस एंजलिसला गेला हे त्यांनी कधी माफ केलं नाही. १९५८ पासूनची डॉजर्सची कार्डं त्यांनी काचेत कधी लावली नाहीत. मागितली तर देत, पण गल्ल्याखालून. १९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन, मेजर लीगमधला आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, डॉजर्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला त्या हंगामात त्यांनी त्याला पाहिलं होतं. बोमन कंपनीचं १९४९ चं रॉबिन्सनचं कार्ड, क्रमांक ५०, त्यांच्या पाकिटात असायचं. विकायला नव्हतं. कोपरे गोल झालेले, मध्ये घडी. कोणी बाहेरून आलेला, रंगानं वेगळा पोरगा दुकानात आला की ते पाकीट उघडत आणि त्या माणसानं काय काय सोसलं ते सांगत. मलाही सांगितलं होतं. ऑफिसात माझा उच्चार ऐकून कोणी हसलं त्याच आठवड्यातली ती गोष्ट. मी त्यांना ऑफिसचं काही सांगितलेलं नव्हतं.

ओहायोवासी

किमतींच्या पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर, ते सुरू करणारे जेम्स बेकेट आमच्या ओहायोत बोलिंग ग्रीनला संख्याशास्त्र शिकवायचे. विक्रेत्यांना प्रश्नावल्या पाठवून, आलेल्या उत्तरांवरून ते किमती काढत. १९७९ मध्ये पहिलं पुस्तक आलं, १९८४ मध्ये मासिक. त्याआधी एकाच कार्डाची किंमत दोन टेबलांवर दोन असायची आणि घासाघीस हाच व्यवहाराचा आत्मा होता. मासिक आल्यावर लहान मुलंसुद्धा पान उघडून दाखवायला लागली. मला वाटतं जुन्या विक्रेत्यांना खरा धक्का इंटरनेटच्याही आधी इथेच बसला. ज्या माहितीवर त्यांनी आयुष्य काढलं ती आता तीन डॉलरला मिळत होती.

डेट्रॉइटकर

खरंय. आणि ज्यांना तो बदल पचला असे एक म्हणजे न्यू जर्सीचेच ॲलन रोझन, 'मिस्टर मिंट'. जाहिरातीत नोटांच्या थप्प्यांसकट फोटो असायचा. मला तो दिमाख आवडत नसे, पण माणूस फोन आला की विमानानं निघायचा आणि रोख देऊन घ्यायचा. १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांना १९५२ च्या टॉप्सचा हजारो कार्डांचा साठा मिळाला, तोही शेवटच्या मालिकेचा आणि जणू कालच छापलेला. ही तीच मालिका, जिची उरलेली खोकी साय बर्गर यांनी १९६० मध्ये बोटीनं नेऊन अटलांटिकमध्ये बुडवली असं ते स्वतः सांगत. कोणी घेईना म्हणून! रोझन यांच्या साठ्यातलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड त्यांनी १९९१ मध्ये पन्नास हजारांना विकलं, तेच २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. रोझन २०१७ मध्येच वारले होते.

त्या सेटचं पहिलं कार्ड अँडी पाफ्को, तेही चांगल्या अवस्थेत फार महाग. खेळाडू काही मँटल नव्हता. पण पोरं गठ्ठ्याला रबर लावायची आणि वरच्या कार्डाला खाचा पडायच्या.

मुलाची_आई

@रारिटनकाठ, ते इंडेक्स कार्ड तुमच्याकडे कसं आलं ते लिहिलंच नाहीत.

रारिटनकाठ

हो, राहिलंच.

१९९७ च्या हिवाळ्यात ते गेले. दुकान त्याआधी वर्षभर बंदच होतं. त्यांच्या पत्नींनी सगळा माल एकाला एकगठ्ठा विकला, पण तो लाकडी खण द्यायचा नाही म्हणून बाजूला काढला. फोनच्या डायरीत ज्यांचे नंबर सापडले त्या सगळ्यांना त्यांनी एकेक करून बोलावलं आणि ज्याचं कार्ड त्याला दिलं. मी गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, समोर खण. माझं कार्ड शोधायला वेळ लागला, कारण आडनाव चुकीच्या अक्षराखाली लावलेलं. शेवटी मीच ओळखलं, आकड्यांवरून. बऱ्याच कार्डांचे मालक सापडले नाहीत असं त्या म्हणाल्या. ती परत खणात लावून ठेवली होती.

माझ्या कार्डाच्या तळाशी पेन्सिलीनं एक ओळ आहे: '५८६, ५९१. फार महाग घेऊ देऊ नये.' मला उद्देशून नव्हे, त्यांनी स्वतःसाठीच लिहिलेली.

नवखा_पुणेकर

ती दोन मिळाली का मग?

रारिटनकाठ

नाही. इंटरनेटवर रोज दिसतात, आज रात्री मागवली तर गुरुवारी दारात येतील. कधी बटण दाबलं नाही.

डेट्रॉइटकर

काका, माझ्याकडे १९६७ ची दुबार कार्डं एका डब्यात आहेत. शनिवारी बघतो. ५८६ असावं असं वाटतंय, पण त्याचा वरचा उजवा कोपरा मऊ आहे आणि मागे गमचा डाग आहे. चालेल का?

रारिटनकाठ

चालेल. किंमत कळवा, आणि बदल्यात तुम्हाला कोणते आकडे हवेत तेही लिहा. माझ्याकडे खोक्यात १९६६ आणि १९६८ ची बरीच आहेत.

डेट्रॉइटकर

१९६८: ४७०, ५११, ५३९. कोपरे कसेही चालतील.

रारिटनकाठ

लिहून घेतलं.